सैल खुंटी आणि तिच्यामागचा आधार

दाराच्या बिजागरीचा स्क्रू सैल झाला म्हणून आपल्याकडे कोणी लगेच सुताराला बोलावीत नाही. स्क्रू काढायचा, दोन आगकाड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायच्या, वर उरलेला भाग ब्लेडने कापायचा आणि स्क्रू पुन्हा पिळायचा. पुढे कित्येक वर्षे दार तक्रार करीत नाही. हा उपाय इतका सोपा आणि खात्रीचा आहे की कोठलाही स्क्रू डुलताना दिसला की आपला हात आपोआप आगपेटीकडे जातो.

पण तोच स्क्रू प्लास्टिकमध्ये असला तर? आगकाडी आणि फेव्हिकॉल दोन्ही वापरूनही तो थोड्याच दिवसांत पुन्हा डुलू लागतो. दोष आगकाडीचा नसतो आणि फेव्हिकॉलचाही नसतो. लाकूड स्क्रूला ज्या रीतीने धरून ठेवते त्या रीतीने प्लास्टिक धरीत नाही, एवढीच गोष्ट आपण विसरलेलो असतो. हा फरक नीट कळावा म्हणून या लेखात मी असे उदाहरण घेतले आहे की ज्यात सैल स्क्रूची किंमत दाराच्या कुरकुरीवर भागत नाही. ते उदाहरण म्हणजे रायफलच्या कृत्रिम दस्त्यात बसवलेली पट्ट्याची खुंटी.

जमाखर्च शिकणाऱ्या विद्यार्थ्याने रायफलच्या स्क्रूवर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे त्या आपल्या भागात रायफल ही वस्तू अगदीच परकी नाही. एन.सी.सी.च्या विद्यार्थ्यांनी .२२ ची लाकडी दस्त्याची रायफल हाताळलेली असते. शिवाय शेवटी पाहू की या प्रश्नात जमाखर्चाचाही थोडा भाग आहे.

खुंटी कोठे असते, काय करते

रायफलची नळी आणि यंत्रणा ज्या भागात बसवलेली असते त्याला आपण दस्ता म्हणू. दस्त्याचा मागचा रुंद भाग खांद्याला टेकतो आणि पुढचा निमुळता भाग डाव्या हाताच्या तळव्यावर येतो. दोन्ही भागांच्या खालच्या बाजूला एकेक लहान पोलादी खुंटी असते. खुंटीच्या डोक्याला आडवे छिद्र असते. त्या छिद्रात कडीची पिन अडकते आणि कडीला पट्टा ओवलेला असतो. खुंटीचा दस्त्यात शिरलेला भाग म्हणजे साधा स्क्रूच. मागच्या खुंटीला बहुधा लाकडी स्क्रूसारखे धारदार आटे असतात. पुढच्या खुंटीला यंत्राच्या स्क्रूसारखे बारीक आटे असतात आणि आतल्या बाजूने, नळीच्या खालच्या पन्हळीत, एक नट तिला धरून ठेवतो.

अशा खुंट्या मुख्यतः शिकारीच्या रायफलींवर असतात. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा काळ मागे पडला. अमेरिका आणि कॅनडा या देशांत मात्र हरणाच्या शिकारीचा ठरावीक हंगाम असतो आणि तो अनेक भागांत पावसाचा, बर्फाचा असतो. ओलाव्याने लाकूड फुगते, वाकते आणि नळीवर दाब आणते, त्यामुळे नेम बदलतो. म्हणून तेथे कृत्रिम दस्ते लोकप्रिय झाले. रेमिंग्टन कंपनीने १९५९ साली ‘नायलॉन ६६’ ही .२२ ची रायफल बाजारात आणली. तिचा दस्ता ड्यू पाँट कंपनीच्या नायलॉनचा होता. पुढे सैन्याच्या रायफलींतही लाकूड जाऊन प्लास्टिक आले. आपल्या सेनेची इन्सास रायफल हे त्याचे जवळचे उदाहरण. लाकूड गेले, परंतु शिकारीच्या रायफलीवर लाकडासाठी योजलेली खुंटी बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली. आपला प्रश्न येथे सुरू होतो.

पट्ट्याचे काम केवळ ओझे वाहण्याचे नाही. नेमबाज पट्टा दंडाला आवळून रायफल स्थिर करतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. या स्पर्धांत पालथे पडून आणि गुडघा टेकून नेम धरताना पट्टा वापरता येतो, उभ्याने नाही. स्पर्धेच्या रायफलींत खुंटीऐवजी धातूच्या खाचेत घट्ट आवळलेला आधार असतो. तो नेमाच्या वेळी केसभरही हलू नये, एवढाच त्यामागचा हेतू. शिकारीच्या रायफलीवरील खुंटीकडून अपेक्षा थोडी कमी असली तरी जात तीच आहे.

सैल होण्याचे कारण

लाकूड हे तंतूंचे बनलेले असते. स्क्रू आत शिरताना तंतू दबतात आणि उलट दाब देऊन स्क्रूला कवटाळतात. आगकाडीची युक्ती यशस्वी होते ती यामुळेच. आपण भोकात नवे तंतू भरतो आणि फेव्हिकॉल जुन्या तंतूंत मुरून त्यांना नव्यांशी एकजीव करतो.

प्लास्टिकला तंतू नाहीत. स्क्रूच्या आट्यांनी त्यात कापलेल्या खाचा हाच काय तो आधार. आणि प्लास्टिकचा एक स्वभाव असा की सतत ओझे पडले तर ते हळूहळू सरकते. भरलेल्या बादलीच्या कडीची भोके काही महिन्यांनी लांबट झालेली आपण पाहतो. ती कोणी कोरलेली नसतात, प्लास्टिक स्वतःच ओढीच्या दिशेने सरकलेले असते. नायलॉन तर दमट हवेत ओलावाही शोषून घेते आणि थोडे मऊ पडते.

आता ओझ्याचा हिशेब करू. दुर्बिणीसह रायफलचे वजन सुमारे ४ किलो धरा. माणूस पाऊण मीटरचे पाऊल टाकतो असे मानले तर एका किलोमीटरला तेराशेहून अधिक पावले होतात. डोंगरात दिवसभरात १० किलोमीटर चालणाऱ्याच्या रायफलच्या खुंट्या तेरा हजारांवर झटके खातात. त्यात हे झटके सरळ खाली नसतात. खुंटीचे डोके दस्त्याबाहेर आलेले असते आणि पट्टा त्याला तिरपा ओढतो, म्हणून प्रत्येक झटका पहारीने दगड उचकटावा तसा भोकाच्या कडेवर पडतो. पुढच्या खुंटीला कोणी दुपायी टेकू लावला तर हा ताण आणखी वाढतो. भोक गोल होते ते अंडाकृती होते आणि खुंटी डुलू लागते. डुलणारी खुंटी पाहून मालक ती आणखी पिळतो. उरलेसुरले आटे तेव्हा निघून जातात.

आमच्या कन्नड विभागातील मित्र सैल या अर्थी ‘सडिल’ म्हणतात. मराठीत देणाऱ्याचा हात ‘सढळ’ असतो. हात सढळ असावा, खुंटी असू नये. कारण खुंटी निसटली की रायफल खांद्यावरून दगडावर पडते. दुर्बिणीचा नेम चुकतो, हे झाले लहान नुकसान. नळीच्या तोंडात चिखल किंवा बर्फ भरला आणि तो लक्षात न येता गोळी झाडली गेली, तर नळी फाटू शकते. आणि पडलेली रायफल भरलेली असली तर पुढे काय होईल ते सांगण्याची गरज नाही.

आधी दस्ता ओळखा

दुरुस्तीपूर्वीचे पहिले काम सुरक्षिततेचे. गोळ्या काढून दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात. बोल्ट काढावा, नळीचे मागचे तोंड डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. मगच यंत्रणा धरून ठेवणारे स्क्रू काढून नळी आणि दस्ता वेगळे करावेत. पुढचे सर्व काम रिकाम्या दस्त्यावर करायचे असते. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुका दुरुस्त करण्याच्या धंद्याला परवाना लागतो. तेव्हा परवानाधारक रायफल परवानाधारक कारागिराकडेच द्यावी. तरीसुद्धा काम काय आहे हे मालकाला कळत असले म्हणजे कारागिराशी बोलणे सोपे जाते आणि ‘थोडे अराल्डाइट भरून दिले’ एवढ्यावर त्याचे समाधान होत नाही.

कृत्रिम दस्ते ढोबळमानाने दोन जातींचे. पहिली जात साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची. यात काचतंतू मिसळलेले नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरतात. असा दस्ता स्वस्त असतो, आतून बहुधा पोकळ असतो, आणि त्याच्या कडेने साच्याच्या दोन भागांची जोडरेषा बारकाईने पाहिल्यास दिसते. बोटाने टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. दुसरी जात फायबरग्लासची. काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीत भिजवून एकावर एक बसवलेले असतात आणि आत हलका फोम भरलेला असतो. याची टिचकी भरीव वाजते. शंका उरली तर दस्त्याच्या मागची रबरी गादी दोन स्क्रू काढून उतरवावी. आत पोकळी आणि आडव्या-उभ्या फासळ्या दिसल्या तर पहिली जात, फोम दिसला तर दुसरी.

यानंतर खुंटीची परीक्षा. ती नुसती फिरत राहते आणि आवळतच नाही, तर आटे गेले आहेत. फिरत नाही पण डुलते, तर भोक मोठे झाले आहे. खुंटीबरोबर भोवतालचा प्लास्टिकचा भागही हलतो, तर आतला उंचवटा तडकला आहे. पुढची खुंटी सैल असेल तर कित्येकदा केवळ नट सैल झालेला असतो. तसे असल्यास नट आणि आटे स्पिरिटने पुसून कोरडे करावेत, आट्यांवर स्क्रू न सुटू देणारा, पण पुढे उघडता येणारा द्रव एक थेंब लावावा आणि नट आवळावा. हा द्रव धातूवर धातू असेल तेथेच वापरावा. काही जातींच्या प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात.

फायबरग्लासच्या दस्त्यातील दुरुस्ती

हे काम त्यातल्या त्यात सोपे, कारण दस्ता मुळात इपॉक्सीचाच असतो आणि इपॉक्सी त्याला उत्तम चिकटते. मात्र जुन्या भोकात नुसते इपॉक्सी ओतून भागत नाही. भोवती मऊ फोम असला तर त्या इपॉक्सीची काडी तेवढी बनते आणि ती फोममधून खुंटीसकट उपटून येते.

म्हणून भोक आधी थोडे मोठे करावे. मग वाकवलेल्या तारेने किंवा बारीक कोरणीने आतला फोम चहूबाजूंनी खरवडावा, म्हणजे तोंड अरुंद आणि पोट मोठे अशी मडक्यासारखी पोकळी तयार होते. धूळ झटकावी, तेलाचा अंश राहू नये म्हणून स्पिरिटने पुसावे आणि वाळू द्यावे. भोकाभोवती चिकटपट्टी लावली म्हणजे दस्त्याच्या रंगावर डाग पडत नाहीत. इपॉक्सीचे दोन भाग डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावेत. कठीण होणारा भाग जास्त घातला म्हणजे पकड वाढते, हा गैरसमज आहे. त्यात काचतंतूंचे बारीक तुकडे मिसळावेत, म्हणजे लाकडातील तंतूंचे काम येथे काच करते. हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून मिश्रण काडीने आत ढकलीत भरावे आणि दस्ता तोंड वर करून चोवीस तास ठेवावा.

दुसऱ्या दिवशी ड्रिल. खुंटीचे आटे सोडून मधला जो गाभा असतो त्याच्या जाडीचे भोक पाडावे. ड्रिलच्या पात्याला खोलीच्या मापावर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ते दस्त्याच्या दुसऱ्या बाजूने बाहेर निघत नाही. आट्यांवर थोडे मेण लावून खुंटी हाताने सावकाश पिळावी. शेवटी तिच्या डोक्यातील छिद्र दस्त्याच्या लांबीला आडवे आले पाहिजे, नाहीतर कडी वाकडी बसते.

पोकळ प्लास्टिकच्या दस्त्यातील दुरुस्ती

खरी फसगत येथे होते. पॉलिप्रॉपिलीनला इपॉक्सी जवळजवळ चिकटतच नाही आणि नायलॉनलाही बेताचेच चिकटते. भोकात भरलेले इपॉक्सी वाळते, दगडासारखे कठीण होते, पाहणाऱ्याला काम पक्के वाटते. परंतु ते बाटलीतल्या बुचासारखे नुसते बसलेले असते. पहिल्या मोठ्या झटक्याला बूच निघते. म्हणून येथे चिकटण्याची आशा सोडावी आणि अडकण्याची योजना करावी.

मागच्या खुंटीसाठी सर्वांत चांगला उपाय असा. रबरी गादी काढून पोकळीत हात किंवा लांब चिमटा घालता येतो का ते पाहावे. येत असेल तर धारदार आट्यांची जुनी खुंटी टाकून बारीक आट्यांची खुंटी आणावी आणि तिच्या मापाचे आटे पाडलेला ॲल्युमिनियमचा छोटा ठोकळा तयार करावा. असा ठोकळा आपल्या उद्यमबागेतला कोणताही लेथवाला सहज करून देईल असा असतो. त्याची एक बाजू दस्त्याच्या आतल्या वळणाला बसेल अशी कानशीने घासावी. ठोकळा आतून आणि खुंटी बाहेरून, मध्ये प्लास्टिकची भिंत, असे आवळले की झाले. आता ओढ एका भोकाच्या कडेवर न येता ठोकळ्याच्या साऱ्या रुंदीवर वाटली जाते. प्लास्टिकला आट्यांना धरून ठेवण्याचे काम राहत नाही, फक्त दाब सोसण्याचे राहते, आणि ते त्याला बरे जमते. शर्टाचे बटण नुसत्या पातळ कापडावर न शिवता आतून कापडाचा तुकडा लावून शिवतात, त्यातलाच हा प्रकार.

हात पोचत नसेल तर पोकळीचा तेवढा भाग भरून काढावा लागतो. फासळ्यांना आरपार भोके पाडावीत, म्हणजे भरलेले इपॉक्सी भोकांतून पलीकडे जाऊन फासळ्यांत अडकते. न चिकटताही ते निसटू शकत नाही. एकदम सगळे ओतू नये. इपॉक्सी घट्ट होताना तापते आणि मोठा गोळा असला तर ती उष्णता प्लास्टिक वाकवू शकते. थराथराने, प्रत्येक थर थंड झाल्यावर पुढचा, असे भरावे. याने मागचे वजन थोडे वाढते, तेव्हा गरजेपुरतेच भरावे.

पुढच्या खुंटीसाठी नळीखालच्या पन्हळीत रुंद कडेचा नट किंवा नटाखाली मोठी चकती बसवावी. मात्र नट वर डोकावून नळीला लागता कामा नये. नळी मोकळी असली तरच ती प्रत्येक गोळीला सारखी थरथरते. नट टेकला तर खुंटी घट्ट होते आणि नेम सैल होतो. रायफल जोडल्यावर कागदाची दुहेरी पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवून पाहावी. ती नटापाशी अडली तर नट आणखी खोल बसवावा.

परीक्षा आणि हिशेब

दुरुस्ती झाल्यावर लगेच पट्टा लावून डोंगर चढायला निघू नये. रिकामा दस्ता शिकंजात कापड गुंडाळून धरावा, खुंटीला ताणकाटा अडकवावा आणि रायफलच्या वजनाच्या तिप्पट, म्हणजे आपल्या उदाहरणात १२ किलोपर्यंत, आधी सरळ आणि मग पुढे-मागे ओढून पाहावे. त्यापूर्वी खुंटी आणि दस्ता यांवर मिळून खडूची एक बारीक रेघ मारून ठेवावी. ओढल्यावर रेघ तुटलेली दिसली तर खुंटी फिरली आहे. नंतर तेवढेच वजन टांगून दस्ता रात्रभर तसाच ठेवावा. प्लास्टिक हळूहळू सरकते हे आपण पाहिले, म्हणून परीक्षाही सावकाश हवी. भोकाभोवती तडा दिसत असेल, किंवा तडा यंत्रणेच्या स्क्रूंपर्यंत गेला असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडून दस्ता बदलावा.

आता जमाखर्च. आमच्या हिशेबशास्त्रात दुरुस्तीचा खर्च दोन प्रकारे लिहितात. वस्तू होती तशी चालू ठेवण्यासाठी जो होतो तो महसुली खर्च. तिची क्षमता पूर्वीपेक्षा वाढवण्यासाठी जो होतो तो भांडवली खर्च. जुन्या भोकात गोंद भरणे हा पहिला प्रकार. तो दर वर्षी खर्ची पडतो आणि दर वर्षी कमी पडतो. आतून धातूचा आधार देणे हा दुसरा. तो एकदाच करावा लागतो आणि वस्तू कारखान्यातून आली होती त्याहून चांगली होते. दोन्हींच्या सामानाच्या किमतीत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते हात घालण्यापूर्वी गादी उघडून आत पाहण्याच्या कष्टात.

घरातल्या प्लास्टिकच्या वस्तूंनाही हेच लागू आहे. मिक्सरचे बूड असो, पंख्याची जाळी असो वा मोटारसायकलची बाजूची झाकणे असोत, स्क्रू सैल झाला की आपण स्क्रूकडे पाहतो, आणि तो मात्र बहुधा निर्दोष असतो. तो कशात रुतला आहे आणि त्याच्यामागे काय आहे, हे आधी पाहावे. मागे लाकूड असेल तर आगकाडी पुरेल. प्लास्टिक असेल तर आतून नट किंवा चकती द्यावी.